चाकूच्या बुडावरची अक्षरे

आप्पांचे दिवसकार्य उरकले आणि तिन्ही भावंडे त्यांची लोखंडी ट्रंक उघडून माजघरात बसली. जमिनीचे कागद आप्पांनी हयातीतच करून ठेवले होते, भांड्याकुंड्यांवर कुणाचा डोळा नव्हता. जुनी पंचांगे, दोन चष्मे, मनिऑर्डरच्या पावत्यांची चळत असे करता करता तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक घडीचा चाकू निघाला, आणि इतका वेळ हसतखेळत चाललेले काम थांबले. चार बोटे लांबीचा चाकू. रुपेरी पत्र्याची मूठ, तिच्यावर उठावाची वेलबुट्टी, एक मोठे पाते आणि एक लहान. बाजारात विकायला नेला तर भंगारवाल्याने हातातही धरला नसता. पण त्या घरात तो नुसता चाकू नव्हता, साक्षीदार होता.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या त्या गावात घरटी एक माणूस बोटीवर असे. आप्पांचे वडीलही खलाशी. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत त्यांची बोट समुद्रात बुडाली आणि ते परत आले नाहीत. आप्पा तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे आठ-नऊ वर्षांनी, आप्पा गाव सोडून शिकायला निघाले तेव्हा त्यांच्या काकांनी, म्हणजे बोटीवरच असलेल्या धाकट्या भावाने, हा चाकू त्यांच्या हातात ठेवला. “तुझ्या बाबांचा आहे. मुंबईच्या खोलीवर त्यांची ट्रंक राहिली होती, तीत होता,” असे ते म्हणाले. आप्पांनी तो जन्मभर जपला. पेन्सिलीला टोक त्यानेच, आंब्याची फोड त्यानेच.

बिघडले ते त्या ट्रंकेवरून. पाच-सहा वर्षांत बागेच्या वाटणीवरून दोन घरांत बिनसले, आणि वरच्या घरात एक प्रश्न रुजला: ट्रंक सापडली होती तर तीत चाकू सोडून आणखी काय होते? परदेशी फिरणाऱ्या माणसाची ट्रंक, ती काय रिकामी असणार? पैसे असतील, घड्याळ असेल, एखादा दागिना असेल. ते सगळे काकांनी गिळले आणि पोराच्या हातावर एक चाकू टेकवला! आप्पांची आई हे बोलत बोलतच गेली. खालच्या घराशी बोलणे बंद झाले ते साठ-पासष्ट वर्षे बंदच राहिले. लग्नपत्रिका पोस्टाने जात, तीही पाच मिनिटांच्या अंतरावर.

त्यामुळे चाकू निघाल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, हा तुझ्याकडेच राहू दे. खालच्यांचा काही कागद निघाला, तर हा आपला पुरावा.” दादा म्हणजे गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी चाकू खिशात घातला.

गुरुजींची पुतणी तेव्हा पुण्यात जपानी भाषेच्या वर्गाला जात होती. पुण्यात हे नवल नाही, जपानी शिकणारी मुले तिथे पेठापेठांतून भेटतात. ‘चाकू जपानचा’ एवढे घरात सगळ्यांना ठाऊक होते, कारण पाते उघडल्यावर बुडाशी, मुठीलगतच्या बिनधारेच्या चौकोनी भागावर, ‘जपान’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत दिसे. त्याच्या वर गंजाचा काळा थर होता. तिने विचारले, “काका, वर काय लिहिलंय?” साठ-पासष्ट वर्षांत हे कुणी विचारलेच नव्हते.

गुरुजी पॉलिश पेपर आणायला उठले आणि तिने त्यांना अडवले, हे फार बरे झाले. जुन्या चाकूचा जन्मदाखला बुडावरच्या ठशात असतो, आणि हौसेने घासूनपुसून लखलखीत केलेल्या चाकूवरचा तो दाखला आधी जातो. तिने खोबरेल तेलाचा थेंब सोडून रात्रभर राहू दिला, सकाळी दात कोरायच्या काडीने थर हळूहळू सोलला. मग उन्हात चाकू आडवा धरला. समोरून पडलेल्या उजेडात जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात दिसते. शेवटी वहीचा पातळ कागद वर ठेवून पेन्सिल फिरवली, लहानपणी नाण्यावर फिरवतात तशी. कागदावर तीन ओळी उमटल्या. वरची ‘मेड इन’, खालची ‘जपान’. मधली अर्धीच, शेवटची चार अक्षरे तेवढी: पी, आय, ई, डी.

“पाईड,” गुरुजी म्हणाले. “कंपनीचं नाव असेल.”

ते कंपनीचे नाव नव्हते. ‘ऑक्युपाईड’ या शब्दाचे ते शेपूट होते. मेड इन ऑक्युपाईड जपान. परक्या सैन्याच्या ताब्यातल्या जपानात बनवलेला.

२ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या आणि २८ एप्रिल १९५२ रोजी शांतता करार अमलात येऊन देश पुन्हा मोकळा झाला. मधली साडेसहा वर्षे कारभारावर अमेरिकी सेनाधिकाऱ्यांचा हुकूम चाले. १९४७ च्या सुरुवातीला त्यांनी फर्मान काढले की, बाहेर जाणाऱ्या मालावर ‘ऑक्युपाईड जपान’ असे लिहिलेच पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टपासून परदेशी व्यापाऱ्यांना तिथे खासगी व्यवहाराची मुभा मिळाली. कपबशा, बाहुल्या, शिवणयंत्रे, चाकू, कात्र्या, सगळ्यांवर ही अक्षरे उमटू लागली. १९४९ अखेर सक्ती सैल झाली आणि १९५२ नंतर ती अक्षरे लिहिण्याचे कारणच संपले. म्हणजे चाकू १९४७ ते १९५२ च्या दरम्यानचा. फार ताणले तरी शरणागतीच्या अलीकडचा कसा असेल?

आणि आजोबा तर १९४२ सालीच गेले होते.

गुरुजींनी तो कागद वहीत ठेवला आणि दोन दिवस कुणाला काही सांगितले नाही. पहिला विचार त्यांच्या मनात आला तो शिक्षकाला साजेसाच होता: आधी हे नियमाचे ठीक आहे ना, ते पाहू. पुतणीने आपल्या शिक्षकांना विचारले, मुंबईच्या ओळखीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने पुस्तके दिली, आणि बघता बघता गुरुजींना त्या विषयाचा नाद लागला. गावात बोटीवरची घरे पुष्कळ. कुणाच्या फळीवर, कुणाच्या अडकित्त्याच्या डब्यात एखादा परदेशी चाकू असायचाच. ‘गुरुजी चाकूचं वय सांगतात’ अशी वार्ता पसरली आणि ओटीवर चाकू येऊ लागले.

वय सांगण्याचे हे शास्त्र चाकू बनवणाऱ्यांपेक्षा जकातवाल्यांनी जास्त घडवले आहे, ही त्यातली गंमत. इंग्लंडातले शेफील्ड चाकूसुऱ्यांसाठी नावाजलेले. जर्मनीच्या झोलिंगेनमधले कारखानदार आपल्या मालावर बेधडक शेफील्डचे नाव ठोकत, म्हणून तिथल्या लोहारांनी बोंब मारली आणि १८८७ साली ब्रिटनमध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा आला. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने ठरवले की पुढच्या वर्षापासून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव हवेच. जपान्यांनी आपल्या देशाचे आपले नाव घातले, ‘निप्पॉन’. तीस वर्षे ते चालले. १९२१ साली अमेरिकी जकातखात्याने सांगितले की हे नाव इंग्रजी नाही, ‘जपान’ लिहा. त्यामुळे अमेरिकेसाठी बनलेल्या वस्तूवर निप्पॉन असेल तर ती साधारण १८९१ ते १९२१ मधली, आणि नुसते जपान असेल तर बहुधा त्यानंतरची. पण जरा जपून! हा नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाचा. जपानच्या घरगुती बाजारात विकायच्या चाकूवर इंग्रजी अक्षर असण्याचे कारणच नव्हते. शिवाय ‘ऑक्युपाईड’ दिसले तर काळ ठरतो, न दिसले तर काहीच ठरत नाही, कारण त्या वर्षांतही पुष्कळ मालावर नुसते ‘जपान’ असे.

मुंबईच्या व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ऐकवली होती. म्हणे जपानात ‘उसा’ नावाचे गाव आहे, ते जपान्यांनी मुद्दाम वसवले आणि मालावर ‘मेड इन यूएसए’ छापून अमेरिकेला फसवले! उसा गाव आहे हे खरे, पण ते कितीतरी जुने आहे, आणि मूळ देशाचे नाव मागणाऱ्या जकातखात्याने असला ठसा बंदरावरच अडवला असता. अशा गोष्टी सांगायला चांगल्या असतात. गुरुजी मात्र त्यावर फारसे हसले नाहीत. ऐकीव गोष्टीवर साठ-पासष्ट वर्षे काढलेल्या घरातले ते.

ओटीवर आलेल्या चाकूंतला एक सगळ्यांत साधा होता आणि गुरुजींना तोच सगळ्यांत आवडला. पितळेचा पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यावर जपानी अक्षरे. स्प्रिंग नाही, पाते उघडायला नखाची खाच नाही. पात्याच्या मागे एक शेपटीसारखी लहानशी दांडी, ती अंगठ्याने दाबली की पाते उघडते आणि अंगठा तिच्यावर असेपर्यंत उघडे राहते. याचे नाव हिगोनोकामी, म्हणजे ‘हिगो प्रांताचे सरदार’. दोन-चार आण्याच्या चाकूला केवढे नाव! कोबे बंदरापासून जवळच मिकी नावाचे गाव लोहारकामासाठी प्रसिद्ध आहे. तिथे १८९० च्या दशकात हा चाकू जन्मला. जपानात पुढची साठ-सत्तर वर्षे शाळकरी मुलांच्या खिशात तो असे, पेन्सिलीला टोक करायला. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत भर सभेत, व्यासपीठावर, समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा यांचा सतरा वर्षांच्या मुलाने आखूड तलवारीने खून केला. त्यानंतर मुलांच्या हाती धारेची वस्तू देऊ नका, अशी मोहीमच देशभर झाली. तलवारीचे पाप चाकूच्या माथी आले. टोकयंत्रेही घरोघर आली होतीच. आज जुन्या परंपरेने हा चाकू बनवणारे मिकीत एकच घराणे उरले आहे. त्याची घडण सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही, त्यामुळे नुसत्या रूपावरून त्याचे वय सांगता येत नाही. ज्याचा चाकू होता त्याला गुरुजींनी तसे सांगितले तेव्हा तो जरा खट्टू झाला.

जपानी अक्षरे मात्र कधी कधी बोलतात. पूर्वी तिथे आडवी ओळ उजवीकडून डावीकडे लिहीत, युद्धानंतर ती आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे सर्रास झाली. पुष्कळ अक्षरांची वळणेही १९४९ साली सरकारने सोपी केली. सेकी या गावाच्या नावाचे अक्षर त्यातलेच, जुन्या वळणात किचकट, नव्यात सुटसुटीत. जुने वळण दिसले म्हणजे चाकू जुनाच असे मात्र नाही. दुकानाच्या पाटीवर जुने वळण मिरवायची हौस आपल्याकडेही आहे. खोके मिळाले तर आणखी बरे. त्यावर टपालाचा क्रमांक असेल तर ते १९६८ च्या आधीचे नाही, कारण जपानात ते क्रमांकच त्या वर्षी आले. साल ‘शोवा’ या राजशकात असेल तर त्यात १९२५ मिळवायचे. शोवा २५ म्हणजे १९५०. शक-संवत-इसवीची आकडेमोड करणाऱ्या पंचांगवाल्यांना यात काय अवघड?

सेकीबद्दल मात्र थोडे सांगायलाच हवे, कारण जगभर पसरलेल्या जपानी घडीच्या चाकूंतले किती तरी तिथलेच. गिफू प्रांतातले हे गाव सातशे-आठशे वर्षे तलवारी घडवत आले. १८७६ साली सरकारने तलवार बाळगायला बंदी केली आणि सामुराईंबरोबर लोहारांचाही धंदा बसला. तेच हात चाकू, कात्री, वस्तऱ्याकडे वळले. आज ‘काई’ या नावाने जगाला माहीत असलेली कंपनी १९०८ साली इथेच खिशातले चाकू बनवत सुरू झाली. १९४५ नंतर विजेत्यांनी तलवारी घडवायला पुन्हा मनाई केली आणि पुन्हा चाकूच मदतीला आला. सेकीला शहराचा दर्जा १९५० साली मिळाला, तेव्हा ‘सेकी सिटी’ असा ठसा असलेला चाकू त्याआधीचा असू शकत नाही. मधल्या काळात, डॉलरला ३६० येन हा १९४९ साली बांधलेला भाव १९७१ पर्यंत टिकला आणि जपानी माल परदेशात स्वस्त पडत राहिला. पुढे अमेरिकी कंपन्या आपले नाव घालून चाकू सेकीत करून घेऊ लागल्या. अशा चाकूवर कंपनीचा जन्म पाहायचा. पात्यात गोल भोक असलेले स्पायडर्को कंपनीचे चाकू १९८१ पासून निघाले. गावातल्या एका तरुण खलाशाने ‘पणजोबांचा’ म्हणून तसला चाकू आणला होता. गुरुजींनी ‘बराच नवा दिसतो’ एवढेच म्हटले.

मुठीचेही पाहावे लागते. शिंपल्यासारखी चमकणारी मूठ पुष्कळदा शिंपल्याची नसते, सेल्युलॉइडची असते. बोटाने जोरात चोळून हुंगली की कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. पण तापलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय कुणी सांगितला तर करू नका, ते भप्कन पेट घेते. असा चाकू बंद डबीतही ठेवू नये. जुने सेल्युलॉइड कुजताना जी वाफ सोडते ती पोलादाला खाते. खोटे ठसेही असतात. खरा ठसा पाते घडतानाच ठोकलेला, त्याच्या खाचांतही तेवढाच जुना गंज. मागाहून कोरलेली अक्षरे जुन्या ओरखड्यांवरून स्वच्छ गेलेली दिसतात. गुरुजींनी भिंगाखाली आपल्या चाकूची अक्षरे चार-चारदा तपासली. त्यांना कुठे तरी ती खोटी निघावीत असे वाटत असावे.

ती खोटी नव्हती. चाकू आजोबांचा नव्हता. आणि चाकू आजोबांचा नसेल तर तो ट्रंकेतून आलेला नाही. ट्रंकेतून आलेला नसेल तर ट्रंक होती कशावरून? घरातल्या सगळ्या फिर्यादीचा पाया हा एवढा चार बोटांचा चाकू होता. त्यांनी भावाला फोन केला. भाऊ चिडला. “म्हणजे आजी खोटं बोलत होती?” आजी खोटे बोलत नव्हती. खोटे बोलले होते ते धाकटे आजोबा, आणि तेही बाप नसलेल्या पोराजवळ.

गणपतीच्या आधी एका दुपारी गुरुजी खालच्या घराची पायरी उतरले. धाकट्या आजोबांची थोरली मुलगी, ऐंशी ओलांडलेली, माहेरी येऊन राहिली होती. त्यांना काय हाक मारायची हेही गुरुजींना क्षणभर सुचेना. “आत्या,” ते शेवटी म्हणाले. घरातल्यांनी धाकट्या आजोबांचे खलाशाचे नोंदपुस्तक काढून दाखवले. १९४८ ते १९५१ या वर्षांतल्या तीन बोटींच्या नोंदी त्यात होत्या. बोट कुठल्या बंदराला लागली हे त्या पुस्तकात लिहीत नाहीत. गुरुजींनी विचारले, “आत्या, ते जपानला गेले होते का?”

“गेले होते की. मला बाहुली आणली होती तिथनं,” म्हातारी म्हणाली. “गोरी गोरी. हुंगली की कापराचा वास यायचा. चुलीजवळ नेली आणि भसकन जळाली. आई मला मारायला धावली, तर बाबा म्हणाले, असू दे, पुढच्या खेपेला दुसरी आणीन. मग गेलेच नाहीत तिकडं.”

“आणि थोरल्या आजोबांची ट्रंक?”

“ट्रंक कसली? बोटीबरोबर गेली ना सगळी. बाबा मुंबईला खोलीवर जाऊन शोधून आले होते. काही नव्हतं. रिकाम्या हातानं आले म्हणून आठवडाभर जेवले नाहीत, असं आई सांगायची.”

बागेच्या वाटणीत कोण बरोबर होते हा हिशेब त्या दुपारी निघाला नाही, आणि तो चाकूवरून कळणाराही नाही. गुरुजींनी खिशातून चाकू काढून आत्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, सरावाने नखाने पाते उघडले आणि ताटलीतला पेरू कापायला घेतला. पाते सालीवरून नुसतेच घसरले.

“धार गेलीय रे याची. दगड आण बघू मागच्या दारातला.”

जुन्या चाकूला धार लावू नये, त्याने पाते झिजते, मोल जाते, असे गुरुजी गेली दोन वर्षे ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाला बजावत आले होते. ते उठले, मागच्या दारातून दगड आणला, त्यावर पाण्याचा हात फिरवला आणि पायरीवर बसून धार लावू लागले.